एअर-कूल्ड बीटल आणि सोलापूरचा मे महिना: इंजिनाचं तापमान मोजायचं कसं, आवरायचं कसं

इंजिनाचं काम संपवून गाडी परत दिली तेव्हा गॅरेजवाल्यानं मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेलं एक बोचकं ठेवलं होतं. घरी येऊन सोडलं तर आत काळ्या रंगाचे चार वाकडेतिकडे पत्रे. फोन केला. "अहो साहेब, ते जास्तीचेच आहेत. तिकडं थंडी असते म्हणून लावत असतील. आपल्याकडं एवढं ऊन, इंजिनाला जरा मोकळी हवा लागू द्या की!"

खरं सांगतो, मलाही ते पटलं. पुढच्या रविवारी आईला घेऊन तुळजापूरला निघालो. तामलवाडी मागं पडली आणि घाटाच्या चढाला गाडीचा दम गेला. ॲक्सिलरेटर दाबला की आतून तडतड आवाज, वेग मात्र कमीच. कडेला घेऊन किल्ली फिरवली, तरी इंजिन आचके देत चालूच. आई म्हणाली, "किल्ली काढलास ना बाळा, मग अजून का धडधडालीय?" बंद केलेल्या इंजिनात स्पार्कशिवाय पेट्रोल पेट घेत होतं, इतकी हेडं (सिलिंडरांवरची झाकणं) तापली होती.

त्या चार पत्र्यांनी मला जे शिकवलं ते या लेखात आहे. गाडी माझी १९६९ ची १३०० सीसीची बीटल. पण फियाट ५०० असो की सिट्रोएनची टू-सीव्ही, पंख्यानं हवा मारून थंड होणाऱ्या कोणत्याही जुन्या गाडीला यातलं बहुतेक लागू पडेल. आकडे मात्र बीटलच्या इंजिनाचे आहेत.

आधी हवेची वाट समजून घ्या

"एअर-कूल्ड" म्हणजे वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. बीटलचं इंजिन मागं, झाकणाखाली आहे, तिथं समोरचा वारा पोचतच नाही. जनरेटरच्या दांड्यावर एक पंखा बसवलेला असतो आणि क्रँकच्या पुलीवरून आलेला फॅनबेल्ट त्याला फिरवतो. पंखा मागच्या काचेखालच्या फटींतून हवा ओढतो, पत्र्याच्या कवचातून ती चार सिलिंडरांच्या पंखांमधून (बाहेरच्या पातळ पात्यांमधून) खाली दाबतो आणि तापलेली हवा गाडीच्या पोटाखाली बाहेर पडते. इंजिनाभोवतीचे सपाट पत्रे आणि त्यांच्या कडेचं रबर मिळून एक मजला तयार होतो. मजल्याच्या वर गार हवा, खाली गरम. हा मजला फुटला की खालची गरम हवा, तीही मे महिन्यातल्या डांबरावरची, वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनावर मारतो.

घरातल्या कूलरचं उदाहरण घ्या. एका बाजूची वाळ्याची ताटी काढून ठेवली तर पंखा तेवढाच जोरात फिरतो, पण हवा त्या मोकळ्या बाजूनंच आत येते आणि खोली गार होत नाही. किंवा ज्यांनी बजाज चेतक चालवलीय त्यांना आठवेल, इंजिनावरचं काउल न लावता स्कूटर पिदडली की पिस्टन धरायचा. इंजिनाला मोकळी हवा नको असते, कोंडलेली आणि नेमक्या वाटेला लावलेली हवा हवी असते. माझा अनुभव असा की सोलापुरात ही गोष्ट मोटारीच्या मेस्त्र्यापेक्षा जुन्या रिक्षाच्या मेस्त्र्याला लवकर कळते, कारण रिक्षाच्या इंजिनालाही तसाच पंखा आणि तसंच कवच असायचं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हवेची वाट दुरुस्त करा, मग बेल्ट, ऑईल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) बघा, आणि त्यानंतर तापमान दाखवणारं गेज बसवा. बहुतेक जण उलट करतात. आधी हजारोंचं गेज येतं, मग काटा वर गेला की रात्रीची झोप जाते.

पहिली पायरी: पत्रे, रबर आणि भोकं

इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडा आणि टॉर्च घेऊन कडेकडेनं फिरा. वरून बघताना कुठंही खालची जमीन दिसली तर ते भोक बुजवायचं आहे. नेहमी सापडणाऱ्या जागा सांगतो.

इंजिनाच्या चारी बाजूंनी जाणारं रबर वाळून तडकलेलं असतं. नवं मिळतं, मेक्सिकोत ही गाडी २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळे सुट्या भागांची अडचण आपल्याला वाटते तेवढी नाही. प्लगच्या वायरी पत्र्यातून जिथं आत जातात तिथं रबरी टोप्या असतात, त्या हमखास गायब असतात. चार टोप्या नाहीत म्हणजे चार भोकं, आणि तीही नेमकी हेडाच्या डोक्यावर.

तिसरी जागा आपल्या भागाची खासियत आहे. सोलापुरात हीटर कोणाला हवाय? म्हणून हीटरचे दोन जाड पाइप काढून टाकलेले असतात आणि पंख्याच्या कवचावरची त्यांची दोन तोंडं उघडीच राहतात. सिलिंडरावर जायची हवा तिथून फुकट जाते. हीटर काढा खुशाल, पण ती तोंडं पत्र्याच्या चकतीनं घट्ट बंद करा.

चौथी जागा वरून दिसत नाही. सिलिंडरांच्या खालच्या अंगाला छोटे वळवलेले पत्रे असतात. वरून आलेली हवा सिलिंडरला वळसा घालून खालच्या बाजूलाही लागावी म्हणून ते असतात. माझ्या बोचक्यातले दोन पत्रे हेच होते. गाडी रॅम्पवर घेऊन खालून हात घालून खात्री करा.

सगळं बसवल्यावर एक सोपी परीक्षा. उदबत्तीचा धूर दाखवून बघावं असं कोणाच्याही मनात येईल, पण शेजारी कार्ब्युरेटर आहे, तो प्रयोग अजिबात करू नका. त्याऐवजी चादरीच्या दश्यांमधला एक धागा घ्या (सोलापुरात त्याला काय तोटा!) आणि वितभर काडीच्या टोकाला चिकटवा. इंजिन चालू करून पत्र्याच्या कडेकडेनं काडी फिरवा. बेल्ट आणि पंख्याच्या तोंडापासून हात लांब ठेवा, सदऱ्याच्या बाह्या वर करा. धागा वरच्या दिशेनं उडाला तर तिथून गरम हवा वर येतेय. धागा खाली ओढला गेला तर तिथून गार हवा गळतेय. निवांत राहिला तर जागा ठीक.

कवचाच्या आत हवेला अडवणाऱ्या झडपा असतात आणि इंजिनाखाली त्यांना चालवणारा थर्मोस्टॅट. साधारण ६५ ते ७० अंशांना तो पूर्ण उघडतो. "इथं थर्मोस्टॅट कशाला?" असं म्हणून तो काढणारे बरेच आहेत. माझं मत ठेवावा असंच आहे. डिसेंबरातल्या पहाटे ऑईल लवकर तापतं आणि त्यातली वाफ निघून जाते. पण तो बिघडला असेल आणि नवा मिळेपर्यंत गाडी चालवायचीच असेल, तर झडपा पूर्ण उघड्या अवस्थेत बांधून टाका. अर्धवट लटकणारी झडप सगळ्यात घातक.

दुसरी पायरी: पंखांमधली घाण

हवेची वाट नुसती बंदिस्त असून भागत नाही, मोकळीही असावी लागते. सिलिंडर आणि हेडावरच्या धातूच्या पातळ पंखांमध्ये ऑईलची गळती आणि आपली काळी माती मिळून असा काही लेप बसतो की तो खरवडावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची रास चालू असताना मंगळवेढ्याकडं फेरी मारून आलात तर भूस ऑईल कूलरच्या जाळीत जाऊन बसतं. साखर कारखान्याच्या हंगामात पाचटाचे तुकडे तसेच. आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर उंदीर. त्या उंदरांचं पुढं येईल.

कवच न उतरवता आत डोकवायचं असेल तर मोबाईलला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा घ्या. पंख्याच्या गोल तोंडातून तो आत सोडला की ऑईल कूलरची वरची बाजू स्वच्छ दिसते. अर्थात इंजिन बंद असताना.

या जुन्या रचनेत ऑईल कूलर कवचाच्या आत, तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो. म्हणजे तीन नंबरला मिळणारी हवा आधीच कूलरमधून तापून आलेली असते. म्हणूनच बीटलमध्ये तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटण्याच्या गोष्टी जगभर ऐकू येतात. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला, स्वतंत्र खोलीत हलवला. तुमच्या गाडीला तसं नंतरचं कवच असेल तर एक काळजी कमी. सिलिंडरांचे नंबर: गाडीच्या मागं, तिच्या तोंडाच्या दिशेनं बघत उभं राहिलात तर उजवीकडं पुढचा एक, मागचा दोन, डावीकडं पुढचा तीन, मागचा चार.

तिसरी पायरी: फॅनबेल्ट

अंगठ्यानं मधोमध दाबल्यावर बेल्ट साधारण १५ मिलिमीटर खाली गेला पाहिजे. त्याहून ढिला असेल तर पंखा घसरतो, फार ताणलेला असेल तर जनरेटरचं बेअरिंग जातं. ताण कमीजास्त करायला इथं जनरेटर सरकवायचा नसतो. वरची पुली दोन अर्ध्या बशांची असते आणि मध्ये पातळ वायसर असतात. २१ चा पाना लावून नट काढा. पुली फिरू नये म्हणून तिच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवा. मधला एक वायसर काढला की बशा जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि ताण वाढतो. काढलेला वायसर फेकू नका, नटाच्या आतल्या बाजूला पुलीच्या बाहेर लावून ठेवा.

चालत्या गाडीत जनरेटरचा दिवा लागला तर त्याचा अर्थ "बॅटरी चार्ज होत नाही, घरी जाऊन बघू" असा होत नाही. बेल्ट तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो. अशा अवस्थेत एक किलोमीटरही ओढू नका, जागेवर बंद करा.

चौथी पायरी: ऑईल

या इंजिनात जेमतेम अडीच लिटर ऑईल असतं आणि कागदाचा फिल्टर नसतो, नुसती जाळी. या अडीच लिटरलाच वंगणाचंही काम आहे आणि उष्णता वाहून नेण्याचंही. कंपनीचा हिशेब ५००० किलोमीटरला बदलण्याचा होता. आपल्या धुळीत मी ३००० ला बदलतो आणि दरवेळी जाळी धुतो. लेव्हल दोन रेघांच्या मध्ये, वरच्या रेघेपाशी ठेवा.

"गाडी तापते का? मग जाड ऑईल घाला" हा सल्ला तुम्हाला होटगी रोडपासून जुन्या पुणे नाक्यापर्यंत प्रत्येक गॅरेजात मिळेल. तो उलटा पडतो. ऑईलचा दाब फार वाढला की इंजिनातला एक प्लंजर खाली सरकतो आणि ऑईल कूलरला बगल देऊन थेट बेअरिंगांकडं जातं. थंडीत घट्ट ऑईलमुळे कूलर फुटू नये म्हणून केलेली ही सोय आहे. ऑईल गरजेपेक्षा जाड घातलं तर ते जास्त वेळ कूलरबाहेरूनच फिरत राहतं. बाराही महिने चांगलं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑईल पुरतं. प्लंजर आपल्या घरात सहज सरकतो ना, हे दोन वर्षांतून एकदा बघा. अडकलेला प्लंजर हेही तापण्याचं कारण असतं.

पाचवी पायरी: टॅपेट, टायमिंग, मिक्श्चर

टॅपेट सेटिंग गार इंजिनावर करायचं. मे महिन्यात "गार" याचा अर्थ नीट ठरवावा लागतो. दुपारी अंगणात उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन चालू न करताही तापलेलं असतं. रात्रभर सावलीत ठेवा आणि पहाटे करा. १३०० ते १६०० सीसीच्या इंजिनांना साधारणपणे ०.१५ मिलिमीटर फट ठेवतात. जुन्या १२०० ला वर्षानुसार वेगळी मापं होती, तिथं गाडीच्या पुस्तकावर विश्वास ठेवा.

फट कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता बसल्यावर सीटमधून हेडात जाते. बसलाच नाही तर ती जाणार कुठं? म्हणून दर १०,००० किलोमीटरची वाट न बघता मी ५००० ला बघतो आणि दरवेळी किती फट सापडली तेही लिहून ठेवतो. तीन नंबरच्या एक्झॉस्टची फट दरवेळी आपोआप कमी होत असेल तर व्हॉल्व्ह लांबतोय किंवा सीट खचतेय. अशा वेळी नुसतं ॲडजस्ट करत बसू नका, हेड उतरवा.

टायमिंग कानानं लावू नका. पुढं गेलं की पिंगिंग (आतून तडतड) होऊन हेड तापतं, मागं राहिलं की एक्झॉस्ट तापतं. व्हॅक्यूम नसलेला, ००९ नावानं मिळणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर ३००० आरपीएमच्या वर एकूण ॲडव्हान्स (स्पार्क किती आधी पडतो ते) २८ ते ३२ अंश येतो का ते स्ट्रोब लाइटनं बघा. बाकीच्यांनी आपापल्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडा धरावा.

आता पेट्रोल. २०२५ पासून पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राच्या) कार्ब्युरेटरमध्ये मिक्श्चर आपोआप लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं आणि लीन मिक्श्चर हेड तापवतं. आधुनिक गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, माझ्या सोलेक्स कार्ब्युरेटरला कोण सांगणार? मी मेन जेट एक पायरी मोठा केला, १२० च्या जागी १२५. तुम्ही आधी प्लग बघा. सरळ रस्त्यावर दहा किलोमीटर एका वेगानं चालवा, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करा आणि जरा निवल्यावर प्लग काढा. टोक चुन्यासारखं पांढरं असेल तर लीन. शेंगाच्या टरफलाचा रंग असेल तर उत्तम. काजळी असेल तर जेट फार मोठा. पेट्रोलचे रबरी पाइपही इथेनॉलला टिकणारे घाला. इंजिनवर पेट्रोल ठिबकणं हा तापमानापेक्षा मोठा धोका आहे.

सहावी पायरी: काय मोजायचं, कशानं मोजायचं

पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीत एकच काटा असतो. इथं दोन वेगळी तापमानं आहेत आणि ती एकमेकांसारखी वागत नाहीत. हेडाचं तापमान चढाला लागल्यावर अर्ध्या मिनिटात वर जातं आणि पाय काढला की तेवढ्याच झपाट्यानं उतरतं. ऑईल सावकाश तापतं, त्याला स्थिर व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि एकदा तापलं की उतरायलाही तेवढंच घेतं. फक्त ऑईल बघत बसलात तर हेड जळून गेल्यावर कळेल.

हेडासाठी प्लगखाली वायसरसारखी बसणारी थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची, रिंग घ्या, १४ मिलिमीटरच्या प्लगची. ती तीन नंबरवर लावा. सोबत आलेली वायर लांब वाटली म्हणून कापू नका, तिचा रेझिस्टन्स गेजशी जुळवलेला असतो. वळसा करून बांधून ठेवा. ६ व्होल्टच्या जुन्या बीटलवाल्यांना यात एक सुख आहे: साध्या काट्याच्या थर्मोकपल गेजला बॅटरी लागतच नाही, फक्त आतल्या दिव्याला लागते.

पण याच साध्या गेजांत एक खोट आहे, आणि आपल्या हवेत ती महत्त्वाची. थर्मोकपल खरं तापमान मोजत नाही, गरम टोक आणि गेजकडचं टोक यांतला फरक मोजतं. भरपाईची सोय नसलेलं गेज साधारण २० अंशांची हवा गृहीत धरून आखलेलं असतं. गाडीच्या आत ४२ अंश असतील तर काटा सुमारे २२ अंश कमी दाखवतो. १९० दिसतंय म्हणजे हेड २१० च्या आसपास आहे. डिजिटल गेजांपैकी अनेकांत ही भरपाई आतच केलेली असते. आपलं कुठलं, ते पुस्तिकेत बघा किंवा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकाच रस्त्यावर पडताळा.

ऑईलसाठी सेन्सर तळाच्या झाकणात बसतो, किंवा डिपस्टिकच्या जागी थर्मामीटर असलेली काडी मिळते. सेन्सर बसवण्याआधी घरीच तपासा. पातेल्यात पाणी उकळा, सेन्सर दोऱ्यानं तळाला न टेकता लटकवा आणि गेजला जोडा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, इथं पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. काट्यानं ९२ दाखवले तर साडेसहाचा फरक कायमचा लिहून ठेवा. (पातेलं चहाचं नसावं. हा धडा मी वेगळ्या मार्गानं शिकलो.)

इन्फ्रारेड बंदूक स्वस्त आणि कामाची आहे, मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर मारली तर ती खूपच कमी आकडा दाखवते. जिथं मोजायचं तिथं उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि नेहमी तिथंच मारा. चार सिलिंडर एकमेकांशी ताडून बघायला ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. हात लावून अंदाज घेणारे पुष्कळ आहेत, पण साठ अंशांनाही डिपस्टिक धरवत नाही आणि एकशेवीसलाही धरवत नाही.

माझे आकडे असे. ऑईल ८० ते १०५ असेल तर गाडी खुशाल चालवा. ११० ला पाय हलका करा. १२० ला सावली बघून थांबा. हेड, प्लगखाली मोजलेलं, सपाटीला १५० ते १९०. घाटात काही मिनिटं २१० पर्यंत चालेल. २२० ला खालचा गिअर आणि कमी ॲक्सिलरेटर, २३० च्या पुढं थांबणं. हे सगळे भरपाई धरून.

सातवी पायरी: वही

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शंभर पानी वहीचा. एक रस्ता ठरवा. माझा सात रस्त्यावरून निघून तुळजापूर, सुमारे ४५ किलोमीटर. शेवटचा घाट सोडून, सपाटीला अर्धा तास एका वेगानं, ७० ला, चालवल्यावर हेड आणि ऑईल बघायचं. सोबत बसलेल्यानं लिहायचं. आणि शेजारी बाहेरच्या हवेचं तापमान.

मग एक वजाबाकी करायची: ऑईल उणे हवा. हवा दहा अंशांनी तापली की ऑईलही जवळपास तेवढंच तापतं, पण दोघांमधला फरक फारसा हलत नाही. माझ्या वहीत जानेवारीत हवा २४, ऑईल ८१, फरक ५७. मे महिन्यात पहाटे हवा २९, ऑईल ८६, फरक ५७. त्याच महिन्यात भर दुपारी हवा ४१, ऑईल १००, फरक ५९. म्हणजे आकडा शंभरवर गेला तरी इंजिनाची तब्येत तीच होती, उन्हाळा तेवढा वाढला होता.

मग एकदा एप्रिलात हवा ३६ आणि ऑईल १०८. नुसतं गेज बघितलं असतं तर "ऊन आहे" म्हणून सोडून दिलं असतं. पण फरक ७२ होता. घरी येऊन कॅमेरा आत सोडला तर ऑईल कूलरच्या डोक्यावर मऊ, रंगीबेरंगी गादी. कवच उतरवलं. शेजारी चादरींचं गोदाम आहे, तिथल्या लाल-हिरव्या दश्या ओढून आणून उंदरानं कूलरवर घरटं केलं होतं, मध्ये चार शेंगदाणेसुद्धा. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय करालास बे? इंजिनात चादर पांघरून ठेवलास का?" घरटं काढलं, कूलर धुतला, पुढच्या रविवारी फरक पुन्हा ५८. तेव्हापासून गाडी उभी करताना एक्झॉस्टच्या तोंडाला आणि मागच्या फटींना जाळी लावतो, आणि चालू करण्याआधी ती काढली का हे दोनदा बघतो.

फरक पाच-सात अंशांनी हलला तर काळजी नको, उलटा वारा किंवा चार माणसं असली तरी तेवढं होतं. दहाच्या वर गेला आणि दुसऱ्या फेरीतही तसाच राहिला तर वरच्या पायऱ्या पहिल्यापासून पुन्हा.

चालवताना

पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो, गाडीच्या वेगावर नाही. त्यामुळे चढाला टॉपमध्ये रेटत नेणं हे या इंजिनाला सगळ्यात जाचक: उष्णता जास्त, पंखा सुस्त. इंजिन घुटमळायच्या आधीच थर्डला या. आवाज वाढेल, काटा उतरेल. गावात, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत पार्क चौकात अर्धा तास अडकलात तरी फार घाबरू नका. आयडलला पंखा मंद असतो, पण उष्णताही कमीच तयार होते. ओव्हरलोड गाडी, मागून वारा आणि ९० चा वेग, हे भर दुपारी हैदराबाद रस्त्यावर एकत्र आलं की खरी परीक्षा असते. मी मे महिन्यात लांबचा पल्ला असेल तर पहाटे पाचला निघतो आणि दहाच्या आत पोचतो.

चालताना मागचं झाकण वर करून बांधायची एक फॅशन आहे. मी करत नाही. थांबल्यावर उघडा. जोरात पळवून आल्यावर सावलीत एखादं मिनिट आयडलला ठेवून मग बंद करा, पंखा तेवढ्यात हेडावरची धग काढतो. तापलेल्या इंजिनावर पाणी कधीही मारू नका. हेडाला तडा जाऊ शकतो. थांबून पुन्हा चालू करताना गाडी कुरकुरली तर बहुधा पेट्रोलची वाफ झालेली असते. इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळा आणि पंधरा मिनिटं चहा घ्या.

ऑईलचा दिवा गरम इंजिनात आयडलला क्षणभर लुकलुकला आणि ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर गेला, तर घरी जाऊन ऑईल आणि बेअरिंगांचा विचार करा. पळत्या गाडीत लागला तर तिथंच बंद.

जादा ऑईल कूलर बसवावा का, असं बरेच जण विचारतात. वरचं सगळं नीट करूनही फरक जास्तच राहत असेल, किंवा इंजिन मोठं करून घेतलं असेल, तर जरूर. नाहीतर दोन नवे पाइप म्हणजे गळायच्या चार नव्या जागा.

डिकीत एक लिटर ऑईल, २१ चा पाना, मोठा स्क्रूड्रायव्हर, चार प्लग, जाड हातमोजे आणि एक नवा फॅनबेल्ट ठेवा. बेल्ट दुकानातून आणला तसा पाकिटात ठेवू नका. घरी एकदा बसवून, वायसर लावून, दहा किलोमीटर चालवून बघा आणि किती वायसर मध्ये लागले ते बेल्टवरच खडूनं लिहून मग डिकीत टाका. मोहोळच्या पुढं रस्त्याच्या कडेला, उन्हात, तापलेल्या पुलीवर हे मोजत बसायला वेळ नसतो.